कोडिंग येत नाही, तरी लहान मुलांना रोबोट शिकवता येईल?

प्रिय विद्यार्थिनी,

डी.एल.एड.च्या, म्हणजे प्राथमिक शिक्षकाच्या पदविकेच्या, दुसऱ्या वर्षाला आहेस. सरावपाठाच्या शाळेत ‘बी-बॉट’ हा मधमाशीसारखा दिसणारा छोटा रोबोट पाहिलास आणि हेच शिकवायचं असं ठरवलंस. बारावी कला शाखेतून झाली म्हणून आधी महागडा रोबोटिक्स कोर्स करू का, असं विचारतेस. सध्या नको, असं मी स्पष्ट सांगेन.

बी-बॉटला पडदा नाही, टायपिंग नाही. पाठीवर बाणांची बटणं आहेत आणि तो चौकोनी घरं आखलेल्या चौकटीवर चालतो. पुढचं दाबलं की तो १५ सेंटिमीटर सरकतो, वळणाचं दाबलं की जागच्या जागी ९० अंशांत वळतो. मुलं नेमकी इथेच अडकतात. त्यांना वाटतं, उजवं बटण दाबलं की तो उजवीकडच्या घरात जाईल. कधी जुन्या सूचना पुसायच्या राहतात आणि तो आधीचीही वाट चालतो. अशा वेळी बाईंनी स्वतः बटण दाबलं की शिकणं तिथेच थांबलं. मुलाला चौकटीत उभं करून ‘आता तू रोबोट, मी सांगेन तसं चाल’ म्हण; चूक त्याची त्यालाच सापडते. गणितज्ञ सेमूर पॅपर्ट आणि सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा केली. त्यातल्या, सूचनांप्रमाणे चालणाऱ्या कासवामागेही हाच विचार होता.

माहिती गोळा करणंही यातच येतं. तीन घरं पुढे आणि दोन उजवीकडे पेरू ठेव. सरळ जाऊन एकदाच वळलं तर सहा बटणं लागतात, नागमोडी गेलं तर नऊ. दोन्हीकडे घरं पाचच! मुलांना ताळ्याच्या खुणा करू दे, ठोकळे रचून तुलना करू दे, आणि ‘जास्तीची तीन कुठून आली?’ एवढंच विचारून गप्प बस. मला या कामातला हा क्षण सगळ्यात मोलाचा वाटतो. यंत्र नसेल तर खडूची चौकट पुरते.

कोडिंगची भीती घालवायला ‘स्क्रॅच ज्युनिअर’ हे मोफत ॲप आहे. आठ-दहा संध्याकाळी स्वतः खेळून बघ. पदविका मात्र पूर्ण कर आणि पहिली ते पाचवीसाठीची टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, दे. जिल्हा परिषदेच्या शाळेचा रस्ता त्याशिवाय उघडत नाही.

उरलेल्या सरावपाठांत एक वही ठेव. कोणतं मूल कुठे चुकलं, तू काय विचारलंस, मग त्याने काय केलं, ते रोज लिही. खासगी शाळेत मुलाखतीला जाशील तेव्हा ती वही सोबत ने.