दुर्बिणीने किती पावसाळे काढले?

प्रश्न : मुलगी आठवीत आहे, तिला आकाश पाहण्याचा नाद लागला आहे. नवी दुर्बीण परवडत नाही. जुनीसाठी साडेआठ हजारांपर्यंत जाता येईल. दोन जाहिराती समोर आहेत. पुण्याची ७६/७०० चार हजारांना, खोक्यावर ‘५२५ पट’ छापलेलं; आणि वास्कोची ११४/९०० साडेआठ हजारांना, सहा वर्षं जुनी. दोन्ही आरशाच्या. कोणती घ्यावी आणि घेताना काय तपासावं?
— एक पालक, फोंडा

उत्तर : वास्कोची पाहून या. ‘५२५ पट’ हा आकडा कसा जमवला आहे ते आधी सांगतो. ७६/७०० मधला पहिला आकडा आरशाचा व्यास, दुसरा नाभीय अंतर (आरशापासून चित्र जमतं तिथपर्यंतचं), दोन्ही मिमीमध्ये. या ७०० ला ४ मिमीच्या आयपीसने (डोळ्याकडच्या भिंगाने) भागलं की १७५ येतात. त्यावर ३ पटीचं बार्लो (पट वाढवणारं जोडभिंग) चढवलं की ५२५. गणित बरोबर आहे, पण चित्र दिसत नाही. आरशाचा व्यास मिलिमीटरमध्ये जितका, त्याच्या साधारण दुप्पट पटीपर्यंतच तपशील टिकतो. म्हणजे ७६ मिमीला दीडशेच्या आसपास. त्यापुढे गुरू नुसता मोठा, अंधूक ठिपका होतो. पट आयपीस बदलून वाढवता येते, व्यास मात्र घेतला तोच राहतो. ११४ मिमीचा आरसा ७६ मिमीच्या सव्वादोनपट प्रकाश गोळा करतो, आणि तारकागुच्छ नि तेजोमेघ पाहताना हा फरक लगेच कळतो. शिवाय पुण्याची दुर्बीण पैसे देण्याआधी रात्री डोळा लावून पाहता येणार नाही. जुन्या दुर्बिणीत तीच परीक्षा सर्वांत मोलाची.

‘सहा वर्षं जुनी’ यावरून मात्र फारसं काही कळत नाही. चांगला आरसा वीस वर्षं टिकतो आणि वाईट ठेवलेला तीन वर्षांत जातो. तेव्हा फोनवर पहिला प्रश्न हा विचारा: दुर्बिणीने किती पावसाळे काढले, आणि कुठे? समुद्राकडे उघडणाऱ्या खोलीत, स्पंजच्या पेटीत, कापडात गुंडाळून चार पावसाळे गेले असतील तर सावध राहा. स्पंज आणि कापड ओल धरून ठेवतात. खारी दमट हवा आरशावरचा अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा खाते आणि भिंगावर बुरशी चढते. त्याच फोनवर चार फोटो मागा: नळीच्या तोंडातून दिसणारा आरसा, सगळी आयपीस, माउंट (नळी धरून फिरवणारा सांगाडा), आणि नळीवरचं आकड्यांचं लेबल.

जाताना मोजपट्टी, छोटी बॅटरी आणि स्क्रूड्रायव्हर घ्या. उजेड असतानाच पोहोचा.

आधी नळी मोजा. ९०० मिमीची आरशाची दुर्बीण जवळजवळ तेवढीच लांब असते. लेबलवर १००० आणि नळी जेमतेम हातभर, असं दिसलं तर फोकसरच्या (आयपीस आत-बाहेर सरकवणाऱ्या भागाच्या) तळाशी एक जादा भिंग बसवलेलं असतं. अशा ११४/१००० किंवा १२७/१००० दुर्बिणी जुन्या बाजारात पुष्कळ येतात. त्यांच्या आरशांची जुळणी नवशिक्याच्या हातून नीट होत नाही. त्या घेऊ नयेत.

मग आयपीसची नळी मोजा. ती ३१.७ मिमी हवी. २४.५ मिमी असेल तर तो जुना बारीक साचा आहे, त्याला पुढे चांगलं आयपीस मिळणं अवघड जातं. यानंतर आरसा. बॅटरी तिरकी धरून पाहिलं की प्रत्येक आरसा धुळीने माखलेला भासतो, त्याने घाबरू नका. धूळ चित्र फारसं बिघडवत नाही. पाहायचं ते वेगळंच: कडेपासून आत सरकणारा पांढुरका किंवा काळपट पट्टा, आणि मुलाम्यात पडलेली टाचणीच्या टोकाएवढी भोकं. कडेला बोटभर डाग चालेल. सगळ्या आरशावर भोकांची जाळी असेल तर सोडा. पुन्हा मुलामा देण्यासाठी आरसा बाहेर पाठवण्याचा खर्च या किमतीच्या दुर्बिणीला झेपत नाही.

फोकसर पूर्ण आत-बाहेर फिरवा. अडखळला तर बहुतेकदा ग्रीस सुकलेलं असतं, ते साफ करता येतं. दातेच झिजले असतील तर मात्र घरी दुरुस्ती नाही. स्क्रूंवर वरवरचा गंज असला तरी हरकत नाही. माउंटच्या वळणाऱ्या आसावर गंज नको.

मग अर्धा किलोमीटर तरी दूरचा टॉवर किंवा माडाचा शेंडा धरा. जवळची वस्तू धरली तर फोकसच मिळणार नाही आणि चांगली दुर्बीण वाईट ठरेल. चित्र उलटं दिसेल, ते बरोबरच आहे. २५ मिमी आयपीसने ३६ पट मिळते. १० मिमीने ९० पट. ते लावून ट्रायपॉडच्या पायाला टिचकी मारा. हलणं दोन-तीन सेकंदांत थांबलं तर ठीक. पाच-सहा सेकंद चाललं तर पाय आत सरकवून, खाली वाळूची पिशवी टांगून पुन्हा पाहा. तरीही थांबत नसेल तर किंमत उतरवा.

अंधार पडला की दुर्बीण अर्धा तास उघड्यावर ठेवा, आरसा बाहेरच्या हवेइतका थंड होऊ द्या. नंतर डोक्यावरचा एक ठळक तारा १० मिमीने धरा. क्षितिजाजवळचा घेऊ नका, तो हवेमुळेच थरथरतो. फोकस थोडा बिघडवला की एकात एक गोल कडी आणि मधोमध काळी छाया दिसायला हवी. छाया एका बाजूला सरकली असेल तर आरशांची जुळणी हलली आहे. मागच्या तीन स्क्रूंनी ती परत बसते, तेवढ्यासाठी सौदा मोडू नका. कडी तिकोनी दिसली तर आरसा धरणाऱ्या पट्ट्या फार आवळल्या आहेत, त्या किंचित सैल करायच्या. पण जुळणी बसवूनही तारा बारीक टिंब होत नसेल तर दोष आरशाचाच. शनी असेल तर जरूर पाहा, फक्त एक ध्यानात ठेवा: २०२५ मध्ये त्याची कडी आपल्याकडे जवळजवळ कडेने होती आणि आता हळूहळू उघडत आहेत, त्यामुळे ती चित्रांतल्यासारखी रुंद दिसली नाहीत तर दुर्बिणीला दोष देऊ नका.

सोबत आयपीसवर स्क्रूने बसणारा, ‘सन’ लिहिलेला काळा फिल्टर असेल तर तो घरी आणूच नका. सगळा एकवटलेला उष्मा त्यावर पडतो, काच तडकते, आणि पुढच्या क्षणी सूर्य थेट डोळ्यात. घरात मूल आहे म्हणून हे पुन्हा सांगतो: नळीच्या तोंडावर बसणारा खास सौर फिल्टर नसेल तर दुर्बीण सूर्याकडे वळवायची नाही, फाइंडर (नेम धरायची छोटी दुर्बीण) सुद्धा नाही.

किमतीचं म्हणाल तर सातपासून बोला. सगळे पैसे नळीवर घालवू नका. हजार-दीड हजार चांगल्या, प्लॉसल प्रकारच्या आयपीससाठी ठेवा. सोबत मिळणाऱ्या ४ मिमीचा आणि स्वस्त बार्लोचा उपयोग होत नाही. घेण्याआधी पणजीच्या असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ अ‍ॅस्ट्रॉनॉमी या संस्थेच्या आकाशदर्शनाला मुलीला नेता आलं तर न्या. चांगल्या दुर्बिणीतून चंद्र कसा दिसतो हे एकदा डोळ्यात बसलं की वास्कोला तीच तुमच्यापेक्षा नेमकी पारख करेल.

प्रश्न : जुनी दुर्बीण ईक्यू माउंटसह घेतली. पुस्तिकेप्रमाणे एक पाय उत्तरेला ठेवला, तर वजनाचा दांडा त्या पायावर आपटतो. माउंट बिघडलं आहे का?
— काणकोण

उत्तर : बिघडलेलं नाही. ईक्यू माउंटचा आस ध्रुवताऱ्याकडे रोखायचा असतो, म्हणून तो आपल्या अक्षांशाइतकाच कलवतात. पुस्तिका चाळीस-पन्नास अक्षांशांच्या देशांसाठी लिहिलेली असते. तिथे माउंटचा आस उभट असतो. काणकोणला तो जेमतेम १५ अंशांवर, जवळजवळ आडवा झोपतो आणि वजन उत्तरेच्या पायाजवळ लोंबतं. पाय उत्तरेला न ठेवता दोन पायांमधली मोकळी जागा उत्तरेला करा. खालचा बोल्ट पूर्ण उतरवूनही अक्षांशाची पट्टी १५ वर येत नसेल तर दक्षिणेकडच्या पायाखाली फळी घाला. ध्रुवतारा तुमच्याकडे क्षितिजापासून १५ अंशच वर, माडांच्या किंवा डोंगराच्या आड जातो. डोळ्याने पाहण्यापुरतं होकायंत्र पुरे. दक्षिणेचा समुद्र मोकळा असेल तर मात्र तुमची चैन आहे. एप्रिल-मेच्या रात्री नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ २७ अंशांपर्यंत चढतो. उत्तर भारतातल्या हौशी मंडळींना तो इतका वर मिळत नाही.

प्रश्न : ७० मिमीच्या भिंगाच्या दुर्बिणीत आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. पुसावं कसं?
— साखळी

उत्तर : ती बुरशी आहे, आणि बहुधा दोन भिंगांच्या मधल्या फटीत आहे. भिंगं उघडू नका. त्यांचा क्रम, दिशा आणि मधलं अंतर चुकलं की दुर्बीण कायमची जाते. धागे कडेला दोन-चार असतील तर चित्रावर परिणाम नगण्य, वाढ तेवढी थांबवा. झाकण लागणाऱ्या हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर तव्यात परतून पुन्हा निळे करायचे. जूनपासून चवथीपर्यंत दर पंधरवड्याला तरी डबा उघडून पाहा. रात्रीच्या दवाने भिजलेल्या दुर्बिणीला लगेच टोपण लावू नये. घरात आणून पंख्याखाली सुकू द्या, मग झाका.

प्रश्न : तीन-साडेतीन हजारच आहेत. काय घ्यावं?
— म्हापसा

उत्तर : एवढ्यात दुर्बिणीच्या नादी न लागता जुनी १०x५० (दहा पट, ५० मिमीची भिंगं) द्विनेत्री घ्या. कृत्तिका, मृगातला तेजोमेघ, गुरूचे चंद्र सगळं दिसेल; शनीची कडी तेवढी दिसणार नाहीत. तपासणी सोपी: दूरच्या विजेच्या तारेकडे दोन्ही डोळ्यांनी पाहा. दोन तारा दिसल्या किंवा दोन मिनिटांत कपाळ दुखू लागलं तर आतले प्रिझम हलले आहेत, ती परत द्या. नंतर उलट बाजूने आत बॅटरी मारून साखळीच्या वाचकांच्या दुर्बिणीतल्यासारखे बुरशीचे धागे आहेत का पाहा. आणि हात थरथरतो, म्हणून कोपर अंगणाच्या कठड्यावर टेकवून पाहा.