आग लागली तर मूल लपेल की बाहेर पळेल?

प्रश्न: मुलगी चार वर्षांची आहे. काडेपेटी दिसली की हात जातोच. दरडावलं, एकदा धपाटाही दिला, तरी फरक नाही.

उत्तर: या वयात कुतूहल असणारच. धपाट्याने ते जात नाही. उलट काडी तुमच्या माघारी, कपाटाआड नाहीतर पलंगाखाली ओढली जाते, आणि पेट घेणारे कपडे नेमके तिथेच असतात. काडेपेटी, लायटर उंचावर आणि कुलपात ठेवा. ‘चाइल्ड लॉक’वाल्या लायटरवरही विसंबू नका, त्याने मुलाला फक्त वेळ लागतो. तिला एवढंच शिकवा: काडेपेटी दिसली की हात न लावता मोठ्यांना सांगायचं. ती सांगायला आली की हातातलं काम टाकून उठा आणि शाबासकी द्या. ‘तू तिथे काय करत होतीस?’ असं खेकसलात, तर पुढच्या वेळी ती येणार नाही.

प्रश्न: आग लागली तर काय करशील, असं विचारल्यावर सात वर्षांचा मुलगा म्हणाला, “पलंगाखाली लपेन.” काय शिकवू?

उत्तर: खरं बोलला तो. घाबरलेली लहान मुलं लपतातच, आणि आग आपल्या हातून लागली असेल तर नक्कीच. म्हणून आधी त्याला सांगा, ‘कुणामुळेही लागली तरी आम्ही रागावणार नाही, तू फक्त बाहेर ये.’ मग तोंडी उपदेश बंद आणि सराव सुरू. धूर वर चढतो, श्वास घेण्याजोगी हवा जमिनीलगत उरते. तेव्हा रांगत दारापर्यंत जायला लावा. एकदा डोळे मिटूनही करून घ्या, कारण दाट धुरात काही दिसत नाही. बंद दाराला हाताची मागची बाजू लावून बघायचं. गरम लागलं तर उघडायचं नाही, दुसरी वाट धरायची. ती नसेल तर दाराखालची फट कपड्याने बुजवून खिडकीशी जायचं आणि हाका मारायच्या. घराबाहेर भेटायची एक जागा ठरवा. तिथे पोचल्यावर खेळणं, मांजर, कशासाठीही परत आत नाही. अग्निशमन जवानाचा मुखवटा घातलेला फोटोही दाखवा. धुरातून घोरल्यासारखा श्वास घेत येणारं ते ध्यान पाहून मुलं आणखी आत दडून बसतात.

प्रश्न: घरात धुराचा अलार्म आहे. रात्री मुलं त्याने उठतीलच ना?

उत्तर: गृहीत धरू नका. मुलांची झोप गाढ असते, कर्कश अलार्ममध्येही बरीच मुलं झोपून राहतात. कुठल्या मुलाला कोण उठवणार हे आजच ठरवा. झोपताना खोलीचं दार लावून घ्या. बंद दार आग आणि धूर बराच वेळ अडवतं. अलार्म महिन्यातून एकदा बटण दाबून तपासा, मुलांना ते काम फार आवडतं.

प्रश्न: बारा वर्षांच्या मुलीला तळण शिकायचं आहे. तेलाने पेट घेतला तर?

उत्तर: शिकवा, पण शेजारी उभं राहून. पहिला धडा तळण्याचा नाही, झाकणाचा. थंड कढईवर, बाजूने सरकवत झाकण ठेवण्याचा सराव करून घ्या. तेलातून धूर येऊ लागला की शेगडी बंद, ज्वाळा दिसली की तुम्हाला हाक. कढई उचलायची नाही आणि पाणी तर मुळीच नाही: पाणी जड, ते तेलाखाली जातं, तिथे क्षणात त्याची वाफ होते, वाफ सुमारे १७०० पट जागा घेते आणि पेटतं तेल थेट अंगावर उडतं. झाकण ठेवल्यावर कढई पूर्ण गार होईपर्यंत कुणी ते उचलायचं नाही. घाईने बघायला गेलं की तेल पुन्हा भडकतं. आग कढईबाहेर पसरली तर झाकणाचा नाद सोडा, बाहेर पडा आणि जाताना दार ओढून घ्या.

प्रश्न: ‘थांब, पड, लोळ’ कधी शिकवावं?

उत्तर: शाळेत जायला लागलं की. पण ते फक्त अंगावरचे कपडे पेटले तर, हे स्पष्ट सांगा. नाहीतर धूर दिसताच मूल तिथेच लोळत बसायचं. चेहरा हातांनी झाकायचा. भाजलंच तर २० मिनिटं थंड वाहतं पाणी सोडा. बर्फ आणि टूथपेस्ट दोन्ही लांब ठेवा.