‘असलीच पुस्तकं’ वाचणारी मुलगी

“मॅडम, ती सतत मरणाबिरणाचीच पुस्तकं वाचते. तिच्या डोक्यात काही चाललं नसेल ना?”

समुपदेशनासाठी येणारे पालक हा प्रश्न मला या ना त्या रूपात विचारतातच. कधी पुस्तकाच्या जागी कोरियन मालिका असते, एवढंच. या वेळी विचारणारी आई बँकेत नोकरीला, मुलगी नववीत. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मुलीने वर्षभरात पन्नास ‘यंग अ‍ॅडल्ट’ कादंबऱ्या वाचून प्रत्येकीचं परीक्षण लिहायचं ठरवलं होतं. टेबल आवरताना आईच्या हाती ती वही लागली. कुठे आजारी मुलगी, कुठे घटस्फोट, कुठे मित्राची आत्महत्या. आणि एका पानावर : ‘यातली आई काही विचारतच नाही, नुसतं सांगते. तिला एक स्टार.’ त्या रात्री आईचा डोळा लागला नाही.

या कादंबऱ्या साधारण १२ ते १८ वयासाठी लिहिलेल्या असतात आणि त्यांत असे विषय पहिल्यापासून आहेत. एस. ई. हिंटन या अमेरिकन लेखिकेने पंधराव्या वर्षी लिहायला घेतलेली ‘द आउटसायडर्स’ १९६७ साली आली, तिच्यातही टोळ्यांची मारामारी आहे, मृत्यू आहेत. घरात ज्याबद्दल कुणी बोलत नाही ते मुलं पुस्तकात शोधतात. त्यामुळे नुसत्या विषयावरून मी काहीच ठरवत नाही. पण दुर्लक्षही करत नाही.

मुलीशी एकटीशी बोलले. इथलं बोलणं इथेच राहील, फक्त जिवाला धोका वाटला तर घरी सांगावं लागेल, हे आधी स्पष्ट केलं. मग सरळ विचारलं, “स्वतःला संपवावंसं कधी वाटतं का?” असं विचारल्याने मुलांच्या डोक्यात तो विचार शिरेल अशी भीती अनेकांना वाटते. तसं होत नाही. उलट मनात असेल तर बोलायला वाट मिळते. ती म्हणाली, “नाही हो. पण आई हेच विचारायला मला इथे घेऊन आली ना?” पोरगी हुशार होती.

वहीतलं तिला आवडेल ते वाचून दाखवायला सांगितलं. सुरुवातीची परीक्षणं दोन-दोन पानांची, लेखकाशी कडाकडा भांडणारी. नंतरची चार ओळींची, सगळ्यांना चार स्टार. त्यातल्या एकीचा शेवट काय होता म्हटलं, तर तिला आठवेना. मग खरं काय ते बाहेर आलं. वाचनाच्या अ‍ॅपवर ‘तुम्ही सात पुस्तकं मागे आहात’ असं रोज दिसायचं. ते भरून काढायला ती पांघरुणात मोबाइल घेऊन रात्री दीड-दोनपर्यंत वाचायची, मुद्दाम बारकी पुस्तकं निवडायची आणि सकाळी सहाला शाळेसाठी उठायची. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. आईला जी उदासी वाटत होती, तिच्यात जागरणाचा वाटा मोठा होता.

आणि ती एक स्टारवाली आई? “पुस्तकातलीच,” ती म्हणाली. मग जरा थांबून, “थोडी आमचीपण.”

वही वाचल्याचं आईनेच तिला सांगावं, असं मी सुचवलं. त्यावरून घरात दोन दिवस अबोला झाला. तो टाळता आला नसता. पुढचं सोपं होतं. अ‍ॅपवरचा आकडा पन्नासचा पंचवीस केला. न आवडलेलं पुस्तक अर्धवट सोडायची मुभा दिली. साडेदहानंतर मोबाइल हॉलमध्ये, आईबाबांचेही. आणि लेकीने निवडलेली एक कादंबरी आईने वाचायची, पण ‘यातून काय शिकलीस?’ असं विचारायचं नाही. शेवट पटला का, कोणाचा राग आला, एवढंच बोलायचं. आईला ते फार जड गेलं.

काळजी कधी करायची, हेही त्यांना सांगितलं. मूल दोनेक आठवडे झोप, जेवण, मैत्रिणी, आवडीचे उद्योग सगळ्यातूनच अंग काढून घेत असेल, जिवापाड जपलेल्या वस्तू वाटत सुटलं असेल, किंवा ‘मी नसते तर बरं’ असं म्हणत असेल, तर पुस्तक कोणतं याची चर्चा करत बसू नका. ताबडतोब डॉक्टरांना गाठा किंवा टेलि-मानसच्या १४४१६ या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा; ती मोफत आहे आणि चोवीस तास चालू असते.

आता वाद दहावीचा आहे. आईचं म्हणणं, पुढचं वर्षभर कादंबऱ्या बंद. मुलगी परीक्षणं थांबवायला तयार आहे, झोपण्याआधीचा अर्धा तास सोडायला नाही. माझं मत मुलीच्या बाजूने आहे आणि ते मी आईला सांगितलंय. बाबा अजून एकदाही आलेले नाहीत. पुढच्या वेळी त्यांना घेऊन या म्हटलंय.