पंचगंगेत पहिल्यांदा साफसफाईला येणाऱ्यांसाठी

भावा, येतोयस तर चप्पल घालून येऊ नको, घाटाजवळच्या गाळात काचा असतात, जुने बूट घाल, आणि हातापायाला जखम असली तर सरळ काठावर थांब, पोती बांधायलाही माणसं लागतातच. लाईफ जॅकेटचे सगळे पट्टे आवळायचे, नुसतं गळ्यात अडकवून फोटो नको. कायाक, म्हणजे वल्ह्यानं चालवायची छोटी अरुंद होडी, रिकामी असताना प्रवाहाविरुद्ध वर जायचं, भरली की पाण्याबरोबर खाली. बुडालेली साडी दिसली की एकट्यानं ओढू नको, पाणी पिऊन ती इतकी जड होते की कडेला वाकलास की कायाकच पालथी, दोघांनी मिळून हळूहळू काठाकडं आणायची. केंदाळात, म्हणजे जलपर्णीत, वल्हं घालूच नको, अडकतंय. आणि राजाराम बंधाऱ्याकडं अजिबात जायचं नाही, पाणी कितीबी शांत दिसू दे.