टूबाब क्रूसारखे वाजवू पाहणाऱ्या नव्या गिटारवादकास

टूबाब क्रू या अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायनामधील ॲशव्हिल शहराच्या वाद्यवृंदासारखे वाजवायचे असेल, तर सुरुवात गिटारच्या सुरावटीपासून करू नका. या मंडळींनी पश्चिम आफ्रिकेत जाऊन तिथल्या वादकांकडून शिक्षण घेतले आणि 2007 मध्ये मालीतील वाळवंटातल्या संगीत महोत्सवातही वादन केले; त्यांच्या रॉकमध्ये कोरा आणि कामेलेन्गोनी ही पश्चिम आफ्रिकी तंतुवाद्ये शोभेपुरती येत नाहीत, याचे कारण हेच असावे.

आधी कोरा ऐका. एकवीस तारांच्या या वाद्यावर दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या एवढीच बोटे चालतात. एक आवर्तन सतत फिरत राहते, त्याला कुंबेंगो म्हणतात, आणि त्यावर मधूनमधून द्रुत ताना उतरतात, त्यांना बिरिमिंतिंगो म्हणतात. गिटारवर हे आणताना आवर्तन अंगठ्याने मंद्र तारांवर, तळहाताने आवाज किंचित दाबून वाजवा आणि ते बोलता बोलताही न चुकता चालू राहीपर्यंत तानांना हात लावू नका.

लयीबाबत अधिक सावध राहावे लागेल. रॉकचा ड्रमवादक चार मात्रा ठोकत असताना जेंबे हा हातांनी वाजवायचा पश्चिम आफ्रिकी ढोल त्याच अवकाशात तीन-तीनचे गट मांडत असतो. तबल्याच्या सवयीने आपण लगेच सम शोधू लागतो आणि इथेच फसतो. पायाने चार धरा, हाताने तीन वाजवा, आणि लय जमेपर्यंत विद्युत गिटारचा डिस्टॉर्शन पेडल बंदच ठेवा, कारण त्याच्या गोंगाटात आघातांमधील चुका ऐकूच येत नाहीत.