रेड सॉक्सचा हिवाळा कसा वाचायचा: बेट्स, डेव्हर्स आणि करारांचं घड्याळ

प्रश्न थोडक्यात असा आहे: बॉस्टनच्या रेड सॉक्स या बेसबॉल संघाने २०२० मध्ये मूकी बेट्सला देऊन टाकलं, २०२२ संपताना झँडर बोगार्ट्सला जाऊ दिलं, २०२५ मध्ये ऐन हंगामात राफाएल डेव्हर्सला पाठवलं. मग ही मॅनेजमेंट कंजूष आहे की तिला खेळ कळत नाही? आणि नोव्हेंबरपासून रोज येणाऱ्या ‘नॉन-टेंडर’, ‘रूल फाइव्ह’, ‘डीएफए’ वगैरे बातम्यांपैकी कुठल्या मनावर घ्यायच्या?

माझं मत आधीच सांगतो. मोठा खेळाडू ज्या दिवशी ट्रेड होतो, त्या दिवसावर सगळे तुटून पडतात, पण खरी चूक बहुतेक वेळा दोन-तीन वर्षं आधी होऊन गेलेली असते. तेव्हा करार स्वस्तात झाला असता आणि पत्ते क्लबच्या हातात होते. त्यामुळे कोण आला, कोण गेला यापेक्षा कोणाचं किती वर्षांचं नियंत्रण उरलंय (म्हणजे तो बाजारात जायच्या आधी क्लबला त्याला किती वर्षं हक्काने ठेवता येतं) हे बघायची सवय लावा. बेट्सचं प्रकरण तसं बघितलं की लगेच उलगडतं.

आयपीएल बघणाऱ्यांनी एक फरक ध्यानात घ्यावा. तिथे पर्स ठरलेली असते (२०२५ च्या मेगा ऑक्शनला १२० कोटी), रिटेन्शनचा आकडा ठरलेला असतो आणि बोली सगळ्यांसमोर लागते. मेजर लीगमध्ये (अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगमध्ये) ऑक्शन नाही, खर्चाला कडक मर्यादा नाही, आणि खेळाडू बाजारात कधी येणार हे ठरवतो त्याचा सर्व्हिस टाइम. मुख्य संघात (इंजर्ड लिस्ट धरून) १७२ दिवस भरले की एक वर्ष. पहिली तीन वर्षं क्लब देईल तो पगार, म्हणजे जवळपास किमान वेतन, जे २०२५ मध्ये ७,६०,००० डॉलर होतं. पुढची तीन वर्षं आर्बिट्रेशन: क्लब एक आकडा मांडतो, खेळाडू दुसरा, आणि तडजोड झाली नाही तर लवाद दोघांपैकी एकच उचलतो, मधला काढत नाही. सहा वर्षं भरली की तो मोकळा, म्हणजे फ्री एजंट.

हंगाम १७२ दिवसांपेक्षा जेमतेम दोन आठवडे मोठा असतो. म्हणून गुणी पोराला सुरुवातीला पंधरा-सोळा दिवस मायनर्समध्ये (खालच्या लीगमध्ये) ठेवलं की क्लबला आख्खं एक वर्ष जादा मिळतं. शिकागो कब्जने २०१५ मध्ये क्रिस ब्रायंटला असंच उशिरा बोलावलं, त्याचे १७१ दिवस भरले, आणि पुढे केलेली तक्रारही तो हरला. एप्रिलमध्ये ‘अजून बचाव सुधारायचाय’ असं कारण ऐकलंत की आधी कॅलेंडर काढून दिवस मोजा.

आता बेट्स. २०१४ च्या जूनअखेर आला. आर्बिट्रेशनच्या पहिल्याच वर्षी, २०१८ ला, क्लबने ७.५ मिलियन डॉलर मांडले, त्याने १०.५, आणि तो जिंकला. त्याच वर्षी एमव्हीपी (लीगचा सर्वोत्तम खेळाडू) झाला, संघाने १०८ सामने जिंकून वर्ल्ड सिरीज मारली. २०१९ ला २० मिलियन, २०२० ला २७. या चढत्या आकड्यांतच उत्तर आहे. ७.५ की १०.५ यावर सुनावणीपर्यंत जाणाऱ्या क्लबने तीन मिलियन वाचवायला जाऊन संबंध ताणले, आणि दरम्यान खेळाडूला आपली किंमत कळत गेली. आपल्याला बाजारात जाऊन बघायचंय असं बेट्स स्वतः म्हणत होता, हे क्लबच्या बाजूने सांगायलाच हवं. पण तसं म्हणणाऱ्याचं मन वळवायची वेळ २०१६-१७ होती. जुलै २०२० मध्ये त्याने, ज्यांच्याकडे त्याला पाठवलं होतं त्या डॉजर्सशी, १२ वर्षांचा ३६५ मिलियनचा करार केलाच, म्हणजे बाजारात गेलाच नाही.

ट्रेडमागे लक्झरी टॅक्स होता, तो नीट समजून घ्या. दरवर्षी संघाच्या एकूण पगारासाठी एक रेषा ठरते: २०२० ला २०८ मिलियन, २०२५ ला २४१, २०२६ ला २४४. तिच्या वर गेलेल्या रकमेवर पहिल्या वर्षी २० टक्के, सलग दुसऱ्या वर्षी ३०, तिसऱ्यापासून ५०. एक वर्ष खाली आलात की गणित पुन्हा २० वर. खूपच वर गेलात तर जादा अधिभार, आणि ४० मिलियनने ओलांडली तर ड्राफ्टमधली (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतली) पहिली निवड दहा जागा मागे. रेड सॉक्सना हे २०१८ च्या खर्चापायी २०१९ च्या ड्राफ्टमध्ये भोगावं लागलं. २०१८ आणि २०१९ अशी दोन वर्षं वर काढल्यावर मालक जॉन हेन्रींना २०२० ला खाली यायचं होतं. त्यात गैर काही नाही, सगळेच क्लब असं करतात.

गैर होती ती पद्धत. पिचर डेव्हिड प्राइसच्या कराराचे तीन वर्षांचे ९६ मिलियन उरले होते. ते ओझं बेट्ससोबत बांधून पाठवलं, त्यातले निम्मे बॉस्टननेच भरायचं कबूल केलं. जो संघ ओझं उचलतो तो बदल्यात चांगली पोरं देत नाही, हा ट्रेडचा साधा हिशोब आहे. शिवाय बेट्सचं एकच वर्ष उरलं होतं. मूळ तिहेरी सौद्यातला मिनेसोटाचा ब्रुस्दार ग्रातेरोल वैद्यकीय कागदपत्रं पाहून नाकारला गेला आणि शेवटी हाती आले अॅलेक्स वर्दुगो, जीटर डाउन्स आणि कॉनर वाँग. डाउन्सला २०२२ च्या डिसेंबरात रोस्टरवरून काढलं, वर्दुगोला वर्षभराने यांकीजना दिलं. पिढीत एकदा मिळणारा खेळाडू पगार उतरवायचं साधन म्हणून वापरला गेला. मला याचा आजही राग आहे, आणि तो राग तेव्हाचा संघबांधणी प्रमुख चाइम ब्लूमपेक्षा मालकांवर जास्त आहे. ब्लूम ऑक्टोबर २०१९ मध्ये आला, तोवर घड्याळ संपत आलं होतं.

ब्लूमचं स्वतःचं पाप म्हणजे २०२२ चा उन्हाळा. संघ धड वर नाही, धड खाली नाही. १ ऑगस्टला कॅचर क्रिश्चन व्हास्केसला ह्यूस्टनला दिलं, म्हणजे विक्री. त्याच सुमारास टॉमी फॅम आणि एरिक हॉस्मरला आणलं, म्हणजे खरेदी. हंगाम ७८-८४, विभागात तळाला, आणि तरी टॅक्सची २३० मिलियनची रेषा थोडक्यात ओलांडलेली. हे फार महाग पडलं. क्वालिफाइंग ऑफर (क्लबने देऊ केलेला एका वर्षाचा, ठरलेल्या रकमेचा करार) नाकारून गेलेल्या खेळाडूच्या बदल्यात क्लबला ड्राफ्टची एक निवड मिळते, पण टॅक्स भरणाऱ्या क्लबला ती थेट चौथ्या फेरीनंतर मिळते. बोगार्ट्स ११ वर्षांच्या २८० मिलियनवर सॅन दिएगोला गेला, नेथन इव्हॉल्डी टेक्ससला, आणि दोघांच्या बदल्यात अशा उशिराच्या निवडी आल्या. जुलैअखेर थोडा पगार कमी केला असता तर त्या बऱ्याच वर सरकल्या असत्या. तळाच्या संघाने टॅक्स भरणं याला कुठलंही समर्थन नाही. मात्र व्हास्केसच्या सौद्यात आलेला विलियर अब्रेऊ पुढे राइट फील्डमध्ये गोल्ड ग्लव्ह (उत्तम बचावाचा पुरस्कार) मिळवणारा निघाला, म्हणून तो एक व्यवहार मी चांगल्यात धरतो.

डेव्हर्सचं प्रकरण वेगळं आहे. बोगार्ट्स गेल्यावर महिन्याभरात, जानेवारी २०२३ मध्ये, त्याला १० वर्षांचे ३१३.५ मिलियन दिले. पैसे मिळाले, पण त्याची जागा कोणती हे पक्कं झालं नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये अॅलेक्स ब्रेगमनला ३ वर्षांच्या १२० मिलियनवर घेतलं, प्रत्येक हंगामानंतर करार सोडायची मुभा देऊन. तिसरा बेस त्याच्याकडे गेला. ‘तिसरा बेस माझा’ असं जाहीर म्हणणारा डेव्हर्स शेवटी डीएच (फक्त फलंदाजी करणारा) झाला. मे महिन्यात ट्रिस्टन कासासचा गुडघा गेल्यावर त्यालाच पहिल्या बेसवर उभं राहायला सांगितलं, तो नाही म्हणाला, आणि १५ जूनला सॅन फ्रान्सिस्कोला रवाना. जायंट्सनी उरलेले २५० मिलियनहून जास्त पूर्ण उचलले; इकडे जॉर्डन हिक्स, काइल हॅरिसन, जेम्स टिब्ज आणि होसे बेयो आले. हंगाम संपल्यावर ब्रेगमननेही मुभा वापरली. तिसऱ्या बेसवरून भांडण झालं ते दोघेही वर्षाच्या आत संघाबाहेर. इथे कंजूषपणा कुठेच नाही. दहा वर्षांचा करार ज्याच्याशी केला, त्याच्याशी ब्रेगमनला घेण्याआधी समोरासमोर बसून जागेचा विषय मिटवायला हवा होता. ब्लूमनंतर आलेल्या क्रेग ब्रेस्लोच्या कारभाराची मला दिसणारी सगळ्यात मोठी उणीव हीच.

पण त्याच ब्रेस्लोने बेट्सच्या चुकीचं उत्तरही शोधलंय, आणि त्याकडे लोकांचं लक्ष कमी जातं. ब्रायन बेयो ६ वर्षं ५५ मिलियन, सेडान राफाएला ८ वर्षं ५०, क्रिस्टियन कॅम्पबेल ८ वर्षं ६०, रोमन अँथनी ८ वर्षं १३०. सगळे आर्बिट्रेशनच्या आधीच बांधलेले. पिचर गॅरेट क्रोशे तर नमुनाच: डिसेंबर २०२४ मध्ये काइल टील, ब्रेडन माँटगोमेरी, चेस माइड्रॉथ आणि विकेलमन गोन्सालेस असे चार देऊन आणला, तेव्हा नियंत्रण दोनच वर्षांचं होतं. चार महिन्यांत ६ वर्षांच्या १७० मिलियनवर सही. पहिल्याच हंगामात १८ विजय आणि २५५ स्ट्राइकआउट.

याची किंमत मोजावी लागते. टॅक्ससाठी त्या वर्षीचा पगार धरत नाहीत, कराराची सरासरी धरतात. अँथनीचे १३० भागिले ८, म्हणजे १६.२५ मिलियन दरसाल, सुरुवातीला हातात कमी पडत असले तरी. कॅम्पबेलला जून २०२५ मध्ये वूस्टरला ट्रिपल-एमध्ये (मायनर्सच्या सगळ्यात वरच्या पातळीवर) पाठवलं, तरी तो क्लबच्या ४० जणांच्या यादीत असल्याने त्याचा आकडा टॅक्समध्ये धरला जातोच. उलट टोक रुस्नी कास्तियो. २०१४ मध्ये ७२.५ मिलियनवर आणला, २०१६ मध्ये यादीतून काढला. तेव्हाच्या नियमाप्रमाणे यादीबाहेर असेपर्यंत त्याचा पगार टॅक्समध्ये धरला जात नव्हता. म्हणून २०१७ आणि २०१८ ला पॉटकेटमध्ये (क्लबच्या तेव्हाच्या ट्रिपल-ए संघात) .३०० च्या वर सरासरीने खेळूनही त्याला वर बोलावलं नाही. चांगल्या खेळाडूची उमेदीची वर्षं हिशोबाच्या एका ओळीपायी गेली, ही गोष्ट मला अजून सलते.

आता रोजच्या बातम्या. यादीत ४० जण, प्रत्यक्ष खेळायला २६, त्यांत पिचर जास्तीत जास्त १३. हंगामात ६० दिवसांच्या इंजर्ड लिस्टवरचा खेळाडू ४० मध्ये मोजत नाहीत, पण वर्ल्ड सिरीजनंतर पाच दिवसांत ती लिस्ट बंद होते आणि सगळे जखमी परत यादीत येतात. त्यात मायनर्समधली चार-पाच पोरं रूल फाइव्हपासून (म्हणजे दुसऱ्या क्लबने उचलून नेण्यापासून) वाचवायची असतात. म्हणून नोव्हेंबरच्या मध्यात किरकोळ ट्रेड आणि डीएफएची झुंबड उडते. डीएफए म्हणजे खेळाडूला लगेच ४० मधून बाहेर काढणं. मग सात दिवसांत ट्रेड करा, वेव्हर्सवर टाका (म्हणजे बाकी क्लबांना त्याला उचलायची संधी द्या) किंवा सोडा. चांगला वाटणारा रिलीव्हर (सामन्यात नंतर येणारा पिचर) अचानक गेला की क्लब वेडा झालाय असं समजू नका. त्याचे तिन्ही ऑप्शन (म्हणजे वेव्हर्सशिवाय मायनर्समध्ये पाठवता येतील असे हंगाम) संपलेत का बघा. ऑप्शन संपलेला खेळाडू वेव्हर्समधून पार झाल्याशिवाय मायनर्समध्ये पाठवता येत नाही, म्हणून आठवा रिलीव्हर निवडताना ऑप्शन शिल्लक असलेला जिंकतो.

नॉन-टेंडर, म्हणजे क्लबने खेळाडूला पुढच्या वर्षाचा करार देऊ न करणं, तोही तसाच वाचा: त्याला आर्बिट्रेशनमध्ये मिळेल तेवढा पगार बाजारात कोणी देणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. पुष्कळदा तोच खेळाडू कमी पैशांत परत येतो. रूल फाइव्ह मात्र हलक्यात घेऊ नका. एक लाख डॉलर भरून दुसऱ्याचा खेळाडू उचलायचा आणि हंगामभर २६ मध्ये ठेवायचा, नाहीतर निम्म्या पैशांत परत देऊ करायचा. गॅरेट व्हिटलॉक डिसेंबर २०२० मध्ये असाच यांकीजकडून आला. कोपराच्या ऑपरेशनमुळे त्यांनी त्याला यादीत घेतलं नव्हतं. २०२१ ला त्याचा ईआरए (पिचरने दर नऊ डावांत दिलेल्या धावांची सरासरी, कमी तितकी चांगली) १.९६ होता, आणि २०२२ मध्ये त्यालाही लगेच ४ वर्षांसाठी बांधलं. फेब्रुवारीत फोर्ट मायर्सला सराव सुरू झाला की ६० दिवसांची लिस्ट पुन्हा उघडते, जागा होतात, आणि उरलेल्या फ्री एजंटांच्या सह्या तेव्हाच होतात. त्यामुळे जानेवारीच्या मध्यात ‘अजून काहीच केलं नाही’ म्हणून आरडाओरडा करणं घाईचं ठरतं.

पुढचा ट्रेड झाला की आधी पगार बघू नका. आलेल्याचं आणि गेलेल्याचं नियंत्रण किती वर्षं, ऑप्शन किती, सरासरी किती, सोबत रोख कोण देतंय, आणि ४० मधली जागा कोणाची गेली, एवढं कागदावर मांडा. डिसेंबर २०२३ चा पिचर क्रिस सेलचा सौदा घ्या. सोबत १७ मिलियन देऊन त्याला अटलांटाला पाठवलं, तो २०२४ ला साय यंग (सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार) जिंकला आणि इकडे आलेला वॉन ग्रिसम चालला नाही. पण त्या डिसेंबरात सेलचं एक वर्ष उरलं होतं आणि मागचे चार हंगाम दुखापतींत गेले होते. ग्रिसमची सहा वर्षं होती. नियंत्रणाच्या बाजूने सौदा समजण्यासारखा होता. वरचे १७ मिलियन देणं मला पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

सध्या माझी नजर अब्रेऊवर आहे. ऑगस्ट २०२३ च्या शेवटी आला, म्हणजे त्या वर्षाचे चाळीसेक दिवस. २०२४ आणि २०२५ पूर्ण. २०२६ संपताना तीन वर्षं भरतात आणि २०२७ ला पहिलं आर्बिट्रेशन येतं. बेट्स २०१७ च्या हिवाळ्यात जिथे उभा होता, तीच ही पायरी. त्यात लीग आणि खेळाडू संघटनेचा सध्याचा करार १ डिसेंबर २०२६ ला संपतोय, त्यामुळे टॅक्सची रेषा आणि दर दोन्ही बदलू शकतात. अब्रेऊशी बोलायचं असेल तर ते त्या तारखेच्या आत व्हायला हवं.