सासूला बाहेर बसवायचं की आत?

समाजकार्याचं शिक्षण नुकतंच संपवलेल्या एका मुलीने विचारलं आहे: "जॉर्डनमध्ये निर्वासितांसोबत काम करायची संधी आली आहे. पण तिथे बाईबरोबर सासू, नवरा, दीर असे सगळेच आत येतात म्हणे. आम्हाला तर शिकवलंय की एकांतात बोलायचं, निर्णय ज्याचा त्याला घेऊ द्यायचा. मग तिथे काम करायचं तरी कसं?"

अरब कुटुंबांत काम करायला निघालेल्या बहुतेकांना ही धास्ती असते. मफ्रकमधली एक केस सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

मफ्रक हे जॉर्डनमधलं शहर सीरियाच्या सीमेजवळ आहे. सीरियन निर्वासितांसाठी २०१२ साली उघडलेली झातरी छावणी तिथून जवळच. सीरियातल्या दरा शहराहून पळून आलेली पंचविशीतली एक बाई दवाखान्याने आमच्याकडे पाठवली. डोकं दुखायचं, झोप नव्हती, छाती आवळल्यासारखी व्हायची. तपासण्या मात्र सगळ्या ठीक. सोबत सासू. प्रश्न सुनेला विचारला तरी उत्तर सासू द्यायची.

त्या सासूला बाहेर बसवलं असतं तर सून पुन्हा आली नसती, याबद्दल मला शंका नाही. घरातलं परक्यापुढे बोलणं तिथे ऐब, म्हणजे लाजिरवाणं. नाव जातं ते एकटीचं नाही, घराण्याचं. म्हणून मी आधी सासूशीच बोलले. थोरल्या मुलाच्या नावाआधी 'उम्म', म्हणजे आई, लावून हाक मारली, गुडघ्यांची चौकशी केली, नातवंडांची केली. पुढची भेट त्यांच्या घरी झाली. फिंजानमध्ये, म्हणजे बिनकानाच्या छोट्या पेल्यात, वेलदोड्याची कॉफी आली. पुरे झाली की फिंजान हलवून परत द्यायचा, नाहीतर पुन्हा भरतात. मी तो लगेच हलवला नाही. गप्पा वाढल्या तशी ती मला 'या बिन्ती', पोरी, म्हणू लागली आणि मग मनातलं बोलली: "हिला नजर लागली आहे. शेखकडून कुराण पढवून घेतोय." शेख म्हणजे तिथले धर्मगुरू.

मी विरोध केला नाही. पठणही चालू ठेवा आणि डॉक्टरांची गोळीही, असं सांगितलं. मग विचारलं, हे दुखणं कधीपासूनचं? सासूच म्हणाली, "हिच्या भावाची बातमी फोनवर आली तेव्हापासून." भाऊ दराला मारला गेला होता. घर तेव्हा नुकतंच सीमा ओलांडून आलेलं, अझा, म्हणजे शोकाची बैठक, झालीच नव्हती. सुनेने मान वर केली ती तेव्हा.

अझा तीन दिवसांची असते, आता इतक्या उशिरा कशी करायची, हा प्रश्न सासू स्वतः शेखकडे घेऊन गेली. बायका जमवा, भावासाठी दुआ करा, असं त्याने सांगितलं. शेजारच्या सीरियन बायका आल्या, खजूर आणि बिनसाखरेची कॉफी फिरली, आणि सून सगळ्यांदेखत रडली. माझ्या खोलीत ती तशी कधीच रडली नसती. पुढच्या काही आठवड्यांत तिची झोप सुधारली. डोकेदुखी पूर्ण गेली नाही, कमी झाली.

आणखी एक. 'तुम्हाला काय वाटतं?' असं सारखं विचारत राहू नकोस. अरब समाजात समाजकार्याचा अभ्यास केलेल्या अल-क्रेनावी आणि ग्रॅहम यांनीही मांडलं आहे की तिथला माणूस तज्ज्ञाकडून स्पष्ट सल्ल्याची अपेक्षा ठेवतो. नुसते प्रश्न विचारत राहिलं तर हिला काही येत नाही, असा समज होतो. मी 'ही गोळी रात्री घ्या, संध्याकाळी जावेसोबत चालून या' असं सरळ सांगते.

पण एकांत अजिबात सोडायचा नाही. आमच्याकडे नर्स प्रत्येक बाईचं वजन आणि रक्तदाब पडद्याआड घ्यायची आणि तिथेच विचारायची, घरात कुणी मारतं का? सगळ्यांनाच विचारल्यामुळे कुणाला संशय येत नसे. या सुनेचं उत्तर 'नाही' होतं, म्हणून मी सासूला सोबत घेऊ शकले. 'हो' असतं तर घरच्या वडीलधाऱ्यांना बसवून समेट घडवायच्या फंदात मी पडले नसते. जॉर्डनमध्ये २०१७ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे, पोलिसांचा कुटुंब आणि अल्पवयीन संरक्षण विभाग आहे. बाईच्या संमतीने, तिचा जीव जपत तिकडची वाट धरायची. संस्कृतीचा मान राखायचा म्हणून मारहाणीकडे डोळेझाक करणं मला मान्य नाही.

जाण्याआधी दुभाषी बाईची नीट चौकशी कर. ती त्याच गावची किंवा त्याच कुळातली निघाली तर कुणी तोंड उघडणार नाही.